कुणाच्या आवाजात?

शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मी ठेवणीतलं इरकल नेसले. सत्कार असणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. आदल्या आठवड्यात दहावीच्या सगळ्या पोरांच्या डोक्याला मेंदू मोजायचं टोपडं घातलं होतं आणि माझ्या नातीचा, शालीचा मेळ शंभरात शहाण्णव आला होता. सबंध गडहिंग्लज तालुक्यात एवढा कुणाचा नव्हता. शेजारच्या कमळाक्काच्या नातवाचा आला बावीस. त्याला अंतराळात जायचंय आणि पाढे येतात बारापर्यंत. मी कमळाक्काला म्हटलंसुद्धा, "अगं, आधी त्याला एकट्याला आजऱ्यापर्यंत जाऊन येऊ दे, मग चंद्रावर धाड."

मेळ म्हणजे काय, तर पोराला जे व्हायचंय ते त्याच्याच आवाक्याच्या शंभर पोरांत किती जणांना जमतं, तो आकडा. इच्छा आवाक्यात असली की मेळ जास्त. पोरं आकाशाला हात घालायला जातात, आपटतात आणि आयुष्यभर कुढत बसतात, म्हणून हे मोजमाप शाळांतून सुरू झालं होतं. मला ते पहिल्या दिवसापासून पटलं. आमच्या शालीनं सांगितलं होतं की दहावीनंतर कॉमर्स घेणार, गावातच शिकणार आणि आज्जीचा डंख सांभाळणार. मेळ बसणारच की.

डंख म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. माझ्या दुकानात चार मुसळांचा डंख आहे आणि गेली तीस वर्षं तो मी चालवते. उन्हाळ्यात संकेश्वरी मिरचीच्या पाट्या घेऊन बायका पहाटेपासून रांग लावतात. खोकला येतो त्यांना, मला येत नाही.

तर अशी मी, इरकल नेसून, मुजावर मॅडमच्या खोलीत जाऊन बसले. निलोफर मुजावर म्हणजे शाळेतल्या कल-सल्लागार. वयानं माझ्या सुनेएवढ्या, अंगानं काडी, पण नजर अशी की समोरच्याला उगाच पदर सारखा करावासा वाटावा. शाली दाराशी उभी होती.

"मेळ उत्तम आहे, आज्जी. त्यात काही वाद नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग हार कुठाय?"

त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "पण ही इच्छा शाल्मलीची नाही."

"नाही म्हणजे? तिच्याच डोक्यातनं काढलीत नव्हं? मग काय शेजारणीची निघंल?"

"आज्जी, एक करून बघा. स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करा."

"आत्ता? इरकल नेसून?"

"मनात करा. होतील का?"

"आपल्या आपण कशा होतील?"

"का होत नाहीत?"

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायची माझी खोड. म्हटलं, "ठाऊक असतंय ना आधीच, आपलाच हात आहे ते."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं, आता तरी हार येतोय.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपण हात हलवायच्या आधी मेंदू अंगाला वर्दी देतो, की हे आपलंच काम आहे, दचकू नका. म्हणून आपला हात आपल्याला टोचत नाही. बोलण्याचंही तसंच. आपण बोलतो तेव्हा मेंदू कानाच्या भागाला आधीच सांगून ठेवतो की आवाज आपला आहे. मग तो भाग शांत राहतो. मनातल्या मनात बोललं तरी हीच वर्दी जाते. पण दुसऱ्यानं बोललेलं वाक्य आपण मनात घोळवलं, तर वर्दी जात नाही. कानाचा भाग उजळून उठतो, जसं काही बाहेरून कुणी बोलतंय.

मेंदूत जी वीज खेळते तिच्याभोवती चुंबकाचा अगदी पुसट झोत असतो. पूर्वी तो मोजायला खोलीभर यंत्र लागायचं. आता ते सगळं एका टोपीत मावलं. ती टोपी कानावरून खाली येते आणि हनुवटीखाली बंद बांधतात, म्हणून पोरं तिला टोपडं म्हणतात. टोपडं घालून पोरानं चाळीस वेळा मनात म्हणायचं, मला अमुक व्हायचंय. कानाचा भाग शांत राहिला, तर इच्छा त्याची. उजळला, तर कुणाचीतरी ऐकलेली.

"शाल्मलीचा चाळीसच्या चाळीस वेळा उजळला," मॅडम म्हणाल्या.

"कुणाचा आवाज आहे मग?"

"ते टोपड्याला कळत नाही. आवाज बाहेरचा आहे, एवढंच कळतं."

मी दाराकडे वळले. "कुणी भरवलं गं तुझ्या डोक्यात? नाव सांग. आज त्याची पूजाच बांधते."

शाली पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत राहिली.

"शाल्मली, सांगायचं नसेल तर नको," मॅडम म्हणाल्या.

"आज्जी," शाली खालमानेनंच बोलली, "ते वाक्य मनात म्हटलं की तुझ्याच आवाजात येतंय. त्यातला 'गं' सुद्धा तुझाच येतोय."

मी उगाच इरकलाच्या निऱ्या सारख्या केल्या. 

मॅडमनी शालीला वर्गात पाठवलं आणि मला पाणी दिलं. "तुम्ही तिला कॉमर्स घे असं सांगितलं होतं का?"

"कधीच नाही! देवाशपथ. पोरीला मी कधी हे कर, ते कर म्हणत नाही."

"मग काय म्हणता?"

मी विचार केला. "एवढंच म्हणते, झेपंल तेवढंच बघावं माणसानं."

"किती वेळा?"

मी पाणी प्यायले. दिवसातून किती वेळा म्हणते ते कुणी मोजलंय? शाली सायकल शिकत होती तेव्हा म्हटलं. विज्ञान प्रदर्शनात नाव घालत होती तेव्हा म्हटलं. परवा डंखाच्या मोटारीचं झाकण काढून आत डोकावत होती, तेव्हा तर दोनदा म्हटलं.

"तिचा आवाका शहाण्णव मेळात दिसतो त्याहून बराच मोठा आहे," मॅडम म्हणाल्या. "तिनं इच्छाच इतकी आखूड कापलीय की मेळ बसला. चंद्र मागणाऱ्या पोरांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. कमी मागणारं पोर शहाणं वाटतं, त्याला कुणी बोलावून घेत नाही."

मी घरी आले, इरकल सोडून घडी घातली आणि लसूण सोलायला बसले. डोकं भणाणलं की मी लसूण सोलते.

आता हे वाक्य माझ्या तोंडी कुठून आलं, तेही सांगायला हवं. मी काही भित्री बाई नाही. नवरा गेला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. सगळी भावकी सांगत होती की मोटार, पट्टा, वीज ही बाईची कामं नव्हेत. मी कुणाचं ऐकलं नाही, डंख बसवलाच. माझ्या मुलानं, सयाजीनं, इंजिनिअर व्हावं हेही मीच ठरवलं. तो पुण्याला गेला. दुसऱ्या वर्षी सात विषय राहिले. परत आला तेव्हा माझा पोरगा नव्हताच तो, त्याचं भूत होतं. वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. ताट पुढं केलं तर जेवायचा, नाहीतर तसाच. त्या वर्षात मी हे वाक्य शिकले. तो सावरला, टेंपो घेऊन आठवड्याच्या बाजारांतून चटणी विकायला लागला, लग्न झालं, शाली झाली. पण वाक्य माझ्या जिभेवर राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मॅडमकडे गेले, या खेपेला साध्या लुगड्यात.

"उपाय सांगा."

"कल-अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी भरायचाय. त्यावरच अकरावीची जागा ठरते. तोवर चाळीस दिवस तिच्या पुढच्या आयुष्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. ऐकलेला आवाज रोज कानावर पडला की मेंदूत ताजा राहतो. ऐकणं थांबलं की हळूहळू मागे सरकतो. त्याच्याखाली तिचा स्वतःचा आवाज असेल, तर वर येईल."

"आणि नसला तर?"

"तर कॉमर्स. त्यातही वाईट काही नाही. फक्त ते तिचं असेल."

आता अडचण अशी, की मला निम्मं गप्प बसता येत नाही. एका विषयावर तोंड बंद ठेवून बाकी बोलायचं म्हणजे डंखाच्या तीनच मुसळांनी कुटायचं. मी ठरवलं, बोलायचंच नाही. चातुर्मास तोंडावर होता. कुणी कांदा सोडतं, कुणी वांगं सोडतं. मी जाहीर केलं की श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून चाळीस दिवस माझं मौन.

सून अमृता हातातली पळी घेऊन तशीच उभी राहिली. "जेवतानाचं मौन ना, आत्ती?"

"सगळं."

"डॉक्टरना दाखवूया का?"

पहिला आठवडा गावाला करमणूक झाली. दुकानात येणाऱ्या बायका मुद्दाम मला डिवचायच्या. कमळाक्का आली, माझ्यासमोर पाटी टेकवून म्हणाली, "काय गं हौसाक्का, माझ्या नातवाचा मेळ वाढला म्हणे. बावीसचा चोवीस झाला." माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं तिखट. मी ते गिळलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "तब्येत बरी आहे ना गं?" तीस वर्षांत तिनं मला असं पहिल्यांदा विचारलं. मी विचारायला जागाच ठेवली नव्हती.

गप्प बसलं की ऐकू यायला लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आठव्या का नवव्या दिवशी मी माजघरात होते. शाली स्वयंपाकघरात मिक्सर उघडून बसली होती. अमृता म्हणाली, "राहू दे गं ते. झेपंल तेवढंच बघावं माणसानं."

मी दचकले. मला क्षणभर वाटलं, माझंच मौन मोडलं. तोच सूर, शेवटी तोच हिसका. मी तरातरा आत गेले आणि अमृताच्या तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई, काय झालं आत्ती?"

मी मान हलवली, बोट हलवलं, मिक्सरकडे दाखवलं.

"तुमचंच तर वाक्य आहे," ती कावरीबावरी होऊन म्हणाली. "सतरा-अठरा वर्षं ऐकतेय. लग्न होऊन आले तेव्हा मला शिवणाचं दुकान घालायचं होतं. तेव्हापासून."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. हेच सगळ्यात जास्त लागलं. शिवणाचं दुकान मी मोडलं आणि मला त्याची याद नाही.

म्हणजे मी गप्प बसून भागणार नव्हतं. घरभर माझाच आवाज भरून राहिला होता. संध्याकाळी मी शालीची वही ओढली आणि माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'ते वाक्य या घरात कुणी म्हणायचं नाही.' कागद फ्रिजला चिकटवला. शालीनं तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आज्जी, माझ्यामुळं गप्प आहेस व्हय?"

मी लसूण पुढं ओढला.

गणपतीला आठ दिवस होते. सणाचा मसाला कुटायला लोक येत होते आणि ऐन दुपारी डंख बिघडला. तिसरं मुसळ उचललं जायचं पण अर्ध्यातच सुटायचं. सयाजी बाजारातून आलेला होता. "बेअरिंग गेलं असंल," तो म्हणाला आणि मेकॅनिकला फोन लावायला लागला.

"बेअरिंग नाही," शाली म्हणाली. तिनं लांब पेचकस घेतला, टोक मोटारीच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. मग पेचकस एक वीत सरकवून पुन्हा ऐकलं. "बेअरिंग गोल वाजतंय. मुसळ उचलणारा दाता झिजलाय, पप्पा. तिथं खरखर आहे."

झाकण काढलं. दाता झिजलेला होता.

मेकॅनिक नवीन दाता घेऊन तासाभरानं येणार होता. दुकानात गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मी गल्ल्याजवळ, अमृता चाळणीशी, शाली झाकणाचे स्क्रू एका वाटीत गोळा करत. सयाजी धण्याच्या पोत्यावर बसला. बराच वेळ लेकीच्या हाताकडे बघत होता.

"तुला गार नाही वाटत हात?" त्यानं विचारलं.

"कशानं?"

"लोखंडानं. मला वाटायचं. पुण्याला वर्कशॉपमध्ये पाना हातात घेतला की हात गार पडायचे माझे." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. वीस-बावीस वर्षांत पुणे हा शब्द त्याच्या तोंडून या घरात निघाला नव्हता. "मला यंत्र कधी आवडलंच नाही गं, शाले. यंत्र आवडायचं ते आईला. हा डंख आला ना, त्या दिवशी पूजेच्या आधी आईनं झाकण उघडून आत बघितलं होतं. भटजी थांबले होते, आई आत डोकावत होती. एवढी खूश मी तिला पुन्हा बघितली नाही. मला वाटलं, मलाही हेच आवडतंय. पुण्याला जाऊन कळलं, दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून आलोय. अभ्यास अवघड होता म्हणून नाही बुडालो मी. बुडालो, कारण नापास झाल्यावर पुन्हा बसायचं कशासाठी, तेच मला सापडेना."

मी गल्ल्यातली चिल्लर पुन्हा मोजायला घेतली. 

"मग तुम्हांला काय आवडतं, पप्पा?" शालीनं विचारलं.

"बाजार," सयाजी लगेच म्हणाला आणि स्वतःच हसला. "माणसं. घासाघीस. मी सुखी आहे गं आता. उगाच वाईट वाटून घेऊ नकोस."

शालीनं वाटीतले स्क्रू बोटानं ढवळले. "मला आवडतं," ती म्हणाली.

"काय? बाजार?"

"मशीन. पण हे नाही. ह्याच्यापेक्षा मोठं." तिनं वाटी खाली ठेवली. "जहाजाचं इंजिन बघितलंय तुम्ही? मी फोनवर बघितलंय. तीन मजली असतंय पप्पा, आपल्या घरापेक्षा उंच. आत जिना असतो. आणि तिथला इंजिनिअर सकाळी फिरतो आणि असाच कानाला लावून ऐकतो, मी आत्ता ऐकलं तसं. मला ते करायचंय. समुद्रावर."

गडहिंग्लजच्या पोरीनं समुद्र पाहिला होता एकदाच, गणपतीपुळ्याला, तोही गुडघ्याएवढा.

"अगं, जहाजावर पोरी..." अमृतानं सुरुवात केली. "झे..." तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. मग चाळणी खाली ठेवून म्हणाली, "तिथं जेवायला काय देत असतील?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले, आवाज न करता, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिरचीचं नव्हतं. मिरचीनं मला पाणी येत नाही.

गौरी-गणपती गेले. आरतीला मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दोन दिवसांनी चाळीस भरले. हौसाक्का आज काय बोलते ते ऐकायला सकाळीच तीन-चार बायका दुकानात येऊन बसल्या होत्या. कमळाक्का तर पेढे घेऊन आली होती. मी कुणाकडे बघितलं नाही. सयाजी टेंपोत माल भरत होता, तिथं गेले.

"सया."

तो वळला.

"पुण्याचं माझं चुकलं."

एवढंच बोलले. त्या दुपारपासून यापेक्षा चांगलं वाक्य जुळवायचा मी खूप प्रयत्न केला होता, पण हेच राहिलं. सयाजीनं हातातलं पोतं खाली ठेवलं. "अगं आई..." म्हणाला आणि पुढं काही न बोलता माझ्या डोक्यावरचा पदर सरळ केला, लहानपणी करायचा तसा. मागून कमळाक्का ओरडली, "काय म्हणाली गं? ऐकू आलं नाही!" मी म्हटलं, "तुझ्यासाठी नव्हतंच ते. पेढे ठेव आणि पाटी उचल." बायका हसल्या. त्यांना त्यांची हौसाक्का परत मिळाली.

शालीला पुन्हा टोपडं घातलं. या वेळी मला काचेतून बघू दिलं. पडद्यावर मेंदूचं चित्र होतं. तिनं मनात म्हणायला सुरुवात केली की एक जागा हलके उजळायची, पण कानाची जागा काळीच राहायची. चाळीस वेळा काळीच. कोजागरीच्या चांदण्याकडे बघत नाही एवढं मी त्या काळ्या जागेकडे बघत होते.

पण मुजावर मॅडम गोड बोलून फसवणारी बाई नव्हे. त्यांनी आम्हां दोघींना समोर बसवलं.

"इच्छा तुझी आहे, शाल्मली. आता आवाक्याचं सांगते. आवाजावरून बिघाड ओळखणं, वस्तू मनात फिरवून बघणं, यात तू हजारात एक आहेस. गणितात मात्र मध्यम. शिकायचा वेग बरा आहे, पण प्रवेश परीक्षेला लागतो तेवढा आज नाही. तुझ्यासारख्या शंभर मुलांत साधारण चाळीस जणांना हे जमतं. साठ जणांना नाही. मेळ चाळीस."

शहाण्णवाचे चाळीस. कमळाक्काला काय सांगायचं, हा विचार माझ्या मनात आला, हे मी कबूल करते.

"आणि हेही ऐक," मॅडम पुढं म्हणाल्या. "पंधराव्या वर्षी मोजलेला आवाका म्हणजे आजचा आवाका. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. आकडा खोटा नाही, पण तो शेवटचाही नाही."

शाली माझ्याकडे वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आज्जी, जमंल मला?"

जुनं वाक्य जिभेच्या टोकावर आलं. त्याला मागं ढकललं तर दुसरं आलं, 'जमणार म्हणजे काय, हौसाबाईची नात आहेस.' तेही तितकंच माझंच होतं. तेच मी सयाजीला सांगितलं होतं. दोन्ही गिळली. खाली उरलं ते मी उभ्या जन्मात कुणापुढं बोलले नव्हते.

"मला ठाऊक नाही, बाळा," मी म्हटलं. "खरंच ठाऊक नाही."

मला वाटलं पोरीला वाईट वाटेल. पण तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तिनं अर्ज पुढं ओढला आणि लिहायला लागली. कुणाला न विचारता.

मॅडमचे आभार कसे मानायचे ते मला कळेना. माझ्याकडे देण्यासारखं एकच. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी संकेश्वरीची चटणी घेऊन गेले, वर्षभर पुरेल एवढी. त्या म्हणाल्या, "आज्जी, आम्ही एवढं तिखट खात नाही." मी म्हटलं, "झेपंल तेवढंच..." आणि जीभ चावली. दोघी कितीतरी वेळ हसत होतो.

पुढची दोन वर्षं शालीनं गणितात घालवली. मी तिच्यापुढं बोलायची नाही, देवापुढं बोलायची. अमृतानं दुकानाच्या पुढच्या अंगाला शिवणयंत्र मांडलं. पहिलं पोलकं माझंच शिवलं, आणि काखेत घट्ट झालं तरी मी ते घालून गावभर फिरले.

बारावीनंतर शाली जहाजाच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसली. निकाल लागला तो एका मंगळवारी, सकाळी अकराला. मी मिरची निवडत होते. तिनं फोन बघितला आणि जमिनीवर बसली. गणितात नऊ गुणांनी राहिली होती.

साठातली निघाली पोर.

 माझ्या डोळ्यांसमोर भिंतीकडे तोंड केलेला सयाजी आला. तोही दारात उभा होता, त्याच्याही डोळ्यांसमोर तेच असणार. शाली रडली. चांगली मोठ्यानं, नाक वाहीपर्यंत रडली. अमृता तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी जागची हलले नाही. मला आता एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे ही पोर रडून झाल्यावर कुठल्या बाजूला तोंड करून बसते.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. उठली. आत जाऊन गणिताची पुस्तकं आणि प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली आणि डंखाशेजारी, भर दुकानात, मांडी घालून बसली. कुठले नऊ गुण गेले ते शोधायला लागली. मध्येच फोन उचलून पुढच्या वर्षीच्या परीक्षेची तारीख बघितली आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.

सयाजी दारातून माझ्याकडे बघत होता. टोपड्यानं आम्हांला पोरगी जिंकेल असं कधी सांगितलं नव्हतं. हरल्यावर ती उठेल की नाही, तेवढं मात्र त्या काळ्या जागेत आधीच दिसून गेलं होतं. आम्हांला ते आज कळलं.

मी हात जोडले. समोर देव नव्हता, नुसती मिरची होती. तरी जोडले, जो कोण असेल त्याला पोचू दे म्हणून.

"आज्जी," शाली मान वर न करता म्हणाली, "बोल की काहीतरी."

"सरक तिकडं," मी म्हटलं, "मिरचीचा खकाणा उडंल, वहीवर बसंल."

ती सरकली. मी डंखाचं बटण दाबलं.